सिकलसेलचं दुखणं : मुलाला अंग सैल सोडायला कसं शिकवायचं

सुरुवात दुखत नसलेल्या दिवशी करा. श्वासाचे, अंग सैल सोडायचे प्रकार करून पाहिले पण 'काही उपयोग झाला नाही' असं ज्या घरांतून ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा एकच झालेलं असतं. मूल मांड्या धरून ओरडत असताना कुणीतरी त्याला पहिल्यांदाच म्हणालेलं असतं, "लांब श्वास घे, शांत हो." त्या घडीला मोठं माणूसही नवीन काही शिकू शकत नाही. जे आधी महिनाभर रोज खेळून झालंय, तेच तेव्हा हाताशी येतं.

हा लेख सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या आईवडलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि आश्रमशाळेतल्या शिक्षकांसाठी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार, नागपूरच्या वस्त्या इथल्या घरांना हा आजार नवा नाही. आदिवासी समाजांत तो आहे आणि विदर्भातल्या कित्येक बिगरआदिवासी समाजांतही आहे. तपासण्या आता वाढल्या आहेत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. आजाराचं नाव कळतं, कार्ड हातात येतं, गोळ्या मिळतात. पण रात्री दोन वाजता पोराचे पाय ठणकायला लागले की दवाखाना उघडेपर्यंत काय करायचं, हे फारसं कुणी बसून सांगत नाही.

आधी हे का दुखतं, ते समजून घ्या

रक्तातली तांबडी पेशी एरवी मऊ असते, बारीक रक्तवाहिनीतून दुमडून निघून जाते आणि साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये प्राणवायू सोडल्यावर ती ताठ आणि वाकडी होते, अडकते, आणि १० ते २० दिवसांत मोडते. जिथे अडकते तिथून पुढे हाडाला, स्नायूला रक्त कमी पडतं. दवाखान्यात 'क्रायसिस आला' म्हणतात तो हाच. हे दुखणं खरं असतं. बाहेरून सूज दिसत नाही, एक्स-रेत काही येत नाही, म्हणून पोरगं नाटक करतंय असं समजू नका. मधेच ते हसलं, मोबाइलवर गाणं बघायला लागलं, तरी दुखत नाही असं होत नाही. मुलं दुखण्यातही खेळतात.

थंडीने बारीक वाहिन्या आकसतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत, पहाटेच्या गार पाण्याच्या अंघोळीनंतर, पावसात भिजल्यावर त्रास वाढतो. पाणी कमी पडलं की रक्त दाटतं, म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यातही वाढतो. तिसरं कारण मात्र घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: भीती. घाबरलं की हातपाय गार पडतात, कारण तिथल्या वाहिन्या आकसतात. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये मनावर ताण आल्यावर बोटांतला रक्तप्रवाह कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजूनही पाहिलेलं आहे. म्हणजे 'आता दुखणार' या धास्तीनेच दुखणं वाढायला वाट मिळते. अंग सैल सोडायचं शिकवतो ते यासाठी. त्याने आजार जात नाही, अडकलेली पेशीही सुटत नाही. पण भीतीने आवळलेलं शरीर थोडं मोकळं होतं आणि मुलाच्या हाती काहीतरी करण्यासारखं येतं.

आणि एक गोष्ट पक्की धरा. हे औषधाऐवजी नाही. हायड्रॉक्सियुरिया (क्रायसिस कमी यावेत म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर ती रोज, फॉलिक अ‍ॅसिड रोज, लसी वेळेवर. दुखण्याची गोळी मुलाच्या वजनाप्रमाणे किती आणि किती तासांनी द्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कार्डाबरोबरच ठेवा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आयब्युप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांनी या मुलासाठी म्हणून सांगितली असेल तरच. 'श्वासाने दुखणं थांबतं, गोळी कशाला' असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याचं ऐकू नका.

दुखणं किती, हे विचारायची एक रीत ठरवा

चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलासाठी कागदावर सहा चेहरे काढा. पहिला नेहमीसारखा, शेवटचा दुखण्याने पिळवटलेला. हसरा आणि रडका अशी जोडी काढू नका, नाहीतर मूल दुखण्याऐवजी राग-लोभ दाखवतं. "तुझं दुखणं कुठल्या चेहऱ्यासारखं?" एवढंच विचारायचं. आठेक वर्षांच्या पुढे शून्य ते दहा आकडे चालतात. आजचा आकडा, कुठे दुखलं, आदल्या दिवशी काय झालं (भिजला, पळाला, ताप, परीक्षा) असं एका वहीत लिहीत जा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या मुलाचं दुखणं कशाने चाळवतं ते वहीतूनच दिसायला लागेल.

विचारायचं, पण सारखं नाही. दर पाच मिनिटांनी "अजून दुखतंय का रे?" म्हटलं की मुलाचं सगळं लक्ष तिथेच खिळतं. गोळी देण्याआधी एकदा, तासाभराने एकदा. मधल्या वेळात बोलायला दुसरं पुष्कळ आहे.

श्वास : पहिले दोन आठवडे फक्त एवढंच

रोज एकच वेळ धरा. रात्री अंथरुणावर पडल्यावरची वेळ सगळ्यात सोयीची, पाच ते दहा मिनिटं.

मुलाला पाठीवर झोपवा, गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर. पोटावर एखादी हलकी वस्तू ठेवा, बाहुली, छोटी वाटी, काहीही. नाकाने श्वास घेताना ती वर जाईल, सोडताना खाली येईल. छाती फार हलवायची नाही, पोट हलवायचं. आत घेताना मनात चारपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर मारतो तसं हळू. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असायला हवा, बाकी आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. लहान मुलाला दोन-तीनच जमतात. दहा वेळा झालं की थांबा.

श्वास कोंडून धरायला लावू नका. शाळेत किंवा टीव्हीवर पाहिलेलं कपालभाती, भस्त्रिका असं जोरजोरात करायला या मुलांना लावू नका. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार वेगाने चाललाय, थांबून साधा श्वास घेऊ द्या.

तीन-चार वर्षांच्या मुलाला मोजता येत नाही. त्याला साबणाचे फुगे द्या. मोठा फुगा हवा असेल तर हळू फुंकावंच लागतं, शिकवायला लागत नाही. कागदाची भिंगरी, पिपाणी, हातावर ठेवलेलं पिसदेखील चालतं.

अंग सैल सोडणं

स्नायू आधी आवळायचा आणि मग सोडायचा, ही रीत एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. मुलांना ती गोष्टीतून शिकवतात. मुठीत लिंबू आहे, सगळा रस काढ, आता सोडून दे. कासव झालास, खांदे कानांपर्यंत आण, मान आत घे, आता बाहेर ये, ऊन पडलंय. नाकावर माशी बसली, हात न लावता चेहरा आक्रसून उडव. पायाखाली चिखल आहे, बोटं रुतव, आता काढ. प्रत्येक वेळी पाच मोजेपर्यंत आवळायचं, दहा मोजेपर्यंत सोडायचं. सोडल्यावर विचारा, "आता हात कसा वाटतो? जड? कोमट?" आवळणं आणि सैल यातला फरक मुलाला कळला की अर्धं काम झालं.

सिकलसेलमध्ये मात्र एक बदल लागतो आणि तो इंटरनेटवरच्या सर्वसाधारण यादीत सापडत नाही. ज्या भागात दुखतंय तो भाग आवळायचा नाही. मांडी ठणकत असेल तर पाय सोडून द्यायचा. हात, खांदे, चेहरा यांच्यापुरतंच करायचं. ऐन क्रायसिसमध्ये तर आवळणं पूर्ण बंद, फक्त सोडणं: "उजवा हात अंथरुणावर पडू दे... बोटं पडू दे... आता डावा..." शाळेत शिकवतात ते शवासन साधारण असंच असतं, तेही चालेल. फक्त भरभर बोलून घाई करू नका. तुमचा आवाजच हळू झाला की मूल निम्मं सैल होतं.

मनातली जागा

मला या सगळ्यात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण याला वस्तू लागत नाही, जागा लागत नाही, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांची कल्पना मोठ्यांपेक्षा कितीतरी ताजी असते. वॉर्डात गर्दीतही करता येतं.

जागा मुलाने निवडायची. आजीचं अंगण, मोहाचं झाड, बैलगाडी, नदीचा काठ, जत्रा. एकच अट, जागा उबदार हवी. गार पाण्यात डुंबणं, बर्फाचा डोंगर अशी चित्रं इथे नकोत. घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत सांगा, गोंडी, माडिया, कोरकू, पावरी, वऱ्हाडी, जी असेल ती. पुस्तकी मराठीत सांगितलं की मूल विद्यार्थी होऊन ऐकायला लागतं. खाली एक नमुना आहे, तो तसाच वाचू नका, तुमच्या गावचा करा.

"डोळे मिटावेसे वाटले तर मिट, नाहीतर आढ्याकडे बघ. आपण नदीवर आलोय. हिवाळा आहे, पण ऊन चांगलं वर आलंय. वाळू कोमट झालीय. तू वाळूवर पाय पसरून बसलायस. टाचेखाली वाळू लागतेय का बघ. पलीकडे कोण आहे? बकऱ्या? किती आहेत? त्यातली एक आपल्याकडे बघतेय. आता तू हाताने पायावर वाळू घालतोयस, थोडी थोडी. पावलावर. घोट्यावर. कोमट वाळू. गुडघ्यापर्यंत. पाय आता वाळूत आहे, त्याला कुठे जायचं नाही. ऊब आत जातेय..."

मधे मधे प्रश्न विचारा, पण ज्यांची उत्तरं डोळ्यासमोर बघून द्यावी लागतील असे. रंग, वास, आवाज, किती, कोण. दुखणं हा शब्द गोष्टीत आणायचा नाही. मोठ्या मुलांना दुखण्यालाच आकार द्यायला आवडतं: ते केवढं आहे, कुठल्या रंगाचं, आता जरा लहान कर, रंग फिका कर. ज्याला हे जमतं त्याला छान जमतं, ज्याला नाही त्याला आग्रह करू नका.

वडील कामाला बाहेरगावी असतील तर त्यांच्या आवाजात ही गोष्ट मोबाइलमध्ये भरून ठेवा. आई दमलेली असते, तिचा आवाज रात्री तीन वाजता हळू राहील असं नाही.

ऊब आणि हात

दुखऱ्या जागी बर्फ लावायचा नाही. मुका मार लागल्यावर बर्फ लावायची आपल्याला सवय असते, पण सिकलसेलमध्ये थंडीने वाहिन्या आणखी आकसतात. रबरी पिशवीत गरम पाणी, तीवर टॉवेल, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग १५-२० मिनिटं शेका. पिशवी नसेल तर तव्यावर कोमट केलेल्या वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी. झोपलेल्या मुलाजवळ विजेचा शेक ठेवू नका. जागा लाल, टचटचीत सुजलेली असेल आणि ताप असेल तर शेकत बसू नका, हाडात जंतुसंसर्ग असू शकतो, दवाखाना गाठा.

तेल लावून हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवलेला हात पुष्कळ मुलांना आवडतो. चोळणं, रगडणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं नको. आणि चटके तर मुळीच नकोत. मेळघाटात पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिलेल्या बाळांच्या बातम्या अजूनही येतात. त्यात जीव जाऊ शकतो.

क्रायसिसच्या रात्री काय, कोणत्या क्रमाने

आधी थर्मामीटर. ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या पुढे ताप असेल तर घरी काहीही करत बसू नका, लगेच निघा. तसंच छातीत दुखणं, धाप, एकाएकी पांढरंफटक पडणं, डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, हातापायातली शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, कधी नव्हतं इतकं डोकं दुखणं, सारखी उलटी. यातलं काही असेल तर श्वासाचा खेळ गाडीत बसल्यावर.

यातलं काही नसेल तर गोळी, ठरलेली, ठरलेल्या मात्रेत. वेळ लिहून ठेवा. मग कोमट पाणी, सरबत, पेज, घोट घोट करत. मग कोरडे गरम कपडे आणि शेक. आणि मग, गोळी लागू पडायला जो अर्धा-पाऊण तास जातो, ती या सगळ्या शिकवणीची खरी जागा. तेव्हा मूल सर्वांत जास्त घाबरलेलं असतं. त्याच्या शेजारी आडवं व्हा, त्याचा हात स्वतःच्या पोटावर ठेवा आणि तुम्ही श्वास घ्या. काही सांगू नका. पाच-सहा श्वासांत ते तुमच्या लयीत येतं. मग सैल सोडणं, मग नदी. "रडू नको" म्हणू नका, रडलं तरी चालतं. "दुखतंय ना, माहीत आहे मला. गोळी घेतलीय. तोवर आपण नदीवर जाऊ."

गोळीने दोन तासांत आकडा उतरला नाही तर दवाखाना. तिथे मॉर्फिनसारखं औषध द्यावं लागलं तर 'व्यसन लागेल' म्हणून नाही म्हणू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते या दुखण्यासाठीच असतं.

सुई आणि वॉर्ड

या मुलांना सुया जन्मभर टोचायच्या आहेत, म्हणून पहिल्या काही सुया नीट पार पाडणं महत्त्वाचं. "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "टोचेल, मी पाच मोजेपर्यंत" असं सांगा. चौघांनी धरून आडवं पाडण्यापेक्षा आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवलेलं मूल कमी झुंजतं. सिस्टरांना तसं विचारा, बहुतेक जणी ऐकतात. आधी पाणी पाजून, हात कोमट पाण्यात शेकून घेतला तर शीर लवकर सापडते. सुई आत जाताना फुंकर मारायची, फुगे असतील तर फुगे.

भरती असताना तीन रंगीत चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, हातात देतात. अनेक मुलं त्यात फुंकत बसतात, आणि घरच्यांनाही तेच बरोबर वाटतं. ते फुंकायचं नाही, ओढायचं आहे. तोंडाने हळू, लांब आत ओढायचं, चेंडू वर धरायचे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छातीच्या किंवा पाठीच्या दुखण्याने भरती झालेल्या ८ ते २१ वर्षांच्या रुग्णांनी जागेपणी दर दोन तासांनी असे दहा श्वास घेतले, तर फुप्फुसाची गुंतागुंत बरीच कमी झाली. बरगड्या दुखत असल्या की मूल वरवरचा श्वास घेतं आणि तिथूनच छातीचा त्रास सुरू होतो. पोटाचा श्वास आधीपासून येत असेल तर हे यंत्र त्याला लगेच जमतं.

शाळेत

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. म्हणून सवलत मागताना संकोच नको. वर्गशिक्षकांना एका पानावर लिहून द्या: पाण्याची बाटली बाकावर हवी, लघवीला कधीही सोडावं, गार प्रार्थनेच्या वेळी स्वेटर, शिक्षा म्हणून पळवू किंवा उन्हात उभं करू नये, दुखायला लागलं तर दहा मिनिटं आडवं होऊ द्यावं आणि घरी कळवावं. या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे ती जास्त होते. मोठ्या वयात अंथरूण ओलं होतं तेही त्यामुळेच. वसतिगृहात त्यावरून होणारी चिडवाचिडवी हा एक वेगळाच ताण आहे, वॉर्डनबाईंशी त्याबद्दल स्पष्ट बोला.

वय बदलेल तसं

सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हातपाय अचानक सुजतात. त्याला व्यायाम शिकवायचा नसतो, अंगाशी धरायचं, पाजायचं, झोळी हळू हलवायची, तीच अंगाई पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि दवाखान्यात दाखवायचं. पाच ते दहा या वयात वरचे सगळे खेळ चालतात. अकरा-बाराच्या पुढे लिंबू आणि कासव पोरकट वाटायला लागतात, तेव्हा मागे व्हा. त्यांचं त्यांना करू द्या, कानात हेडफोन घालून, दार लोटून. आठवण एकदाच करा. मुलींना पाळीच्या दिवसांत दुखणं वाढू शकतं, वहीत त्या तारखाही हव्यात, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून पाणी, ऊब आणि रात्रीचा सराव सोडायचा नाही.

मुलग्यांना एक गोष्ट वडलांनी किंवा काकाने वेळेवर सांगून ठेवायला हवी, कारण ती ते आपणहून कधीच सांगणार नाहीत. सिकलसेलमध्ये शिश्न दुखत ताठ होऊन तसंच राहू शकतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तोही अडकलेल्या रक्ताचाच प्रकार आहे. लगेच लघवी करायची, पाणी प्यायचं, थोडं चालायचं, कोमट पाण्याने अंघोळ करायची, श्वास लांब सोडायचा. हे करूनही उतरलं नाही तर वाट बघत बसायचं नाही, चार तास व्हायच्या आत दवाखान्यात पोहोचायचं. रात्र असली तरी, आणि घरात कुणाला उठवायला कितीही लाज वाटली तरी.